गच्चीचं पाणी ड्रेनेजला कशाला?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ड्रेनेजचे प्रश्न वाढतात. या वेळी निवडलेल्या बहुतेक पत्रांचं मूळ एकच आहे : ज्या लाइनमधून फक्त मैलापाणी जायला हवं (पावसाच्या पाण्याला वेगळं पावसाळी गटार असतं), तिच्यात पावसाचं, झिरपलेलं किंवा नळाचं चांगलं पाणी शिरतं आहे. सगळे प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न : आमची दहा मजली, चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे. जोराचा पाऊस झाला की तळमजल्याच्या दोन फ्लॅटमध्ये नहाणीतून घाण पाणी उलटं वर येतं. जेटिंग मशीन लावून लाइन दोनदा साफ केली. ठेकेदार म्हणतो, लाइन मोकळी आहे. मग पाणी का येतं?
— सोसायटीचे सचिव, कोथरूड, पुणे

उत्तर : ठेकेदार बहुधा खरं बोलतोय. लाइन तुंबलेली असती तर कोरड्या दिवशीही, सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यांच्या आंघोळी चालू असताना, पाणी वर आलं असतं. ते फक्त पावसातच येतं, म्हणजे लाइन मोकळी असूनही तिला पुरं पडत नाही.

हिशोब करून बघा. चाळीस फ्लॅट म्हणजे साधारण १८० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये, असं धरूनच लाइनची आखणी होते. म्हणजे दिवसभराचं मैलापाणी झालं १९,४४० लिटर. आता तुमची गच्ची ४०० चौरस मीटर धरू. ताशी ५० मिलिमीटरचा पाऊस पुण्याला नवा नाही. थोडं पाणी कोब्यात मुरतं, थोडं उडतं, ते दहा टक्के वजा केलं तरी तासाला १८,००० लिटर पाणी खाली येतं. चाळीस कुटुंबांचं जवळजवळ पूर्ण दिवसाचं सांडपाणी एका तासात! सेकंदाच्या हिशोबात तर फरक आणखी डोळ्यांत भरतो. तुमच्या इमारतीचं मैलापाणी सर्वांत गर्दीच्या वेळीही सेकंदाला पाऊण लिटरच्या आत असतं, आणि गच्चीचं पाणी येतं सेकंदाला पाच लिटर. दीडशे मिलिमीटरचा पाइप शंभरात एक उतारावर तोंडोतोंड भरून वाहिला तरी सेकंदाला पंधरा लिटरच नेतो. रस्त्याच्या अशा लाइनला तुमच्यासारख्या तीन इमारतींच्या गच्च्या जोडलेल्या असल्या की मैल्यासाठी जागाच उरत नाही. मग पाणी मागे चढतं आणि सर्वांत खालचं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे तळमजल्याची नहाणी.

तेव्हा गच्चीचे डाउनटेक, म्हणजे पावसाचं पाणी खाली आणणारे उभे पाइप, कुठे जातात ते शोधा. नकाशावर विसंबू नका. बांधकामाच्या वेळी प्लंबरने जवळ दिसेल त्या चेंबरला पाइप जोडून टाकणं हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार आहे.

रंगाची चाचणी सोपी आहे आणि कोरड्या दिवशीच करायची असते. दुपारी दोन ते चारची वेळ बरी, तेव्हा लाइनमध्ये पाणी कमी असतं. युरॅनिन नावाचा हिरवा चमकदार रंग रसायनांच्या दुकानात मिळतो. बादलीभर पाण्याला चमचाभर पुरतो. तो नसेल तर खायचा लाल रंग चालेल, फक्त प्रमाण वाढवा. रस्त्याच्या लाइनला मिळण्याआधीचं तुमच्या आवारातलं शेवटचं चेंबर उघडून तिथे एक माणूस उभा करा आणि दुसरा पावसाळी गटाराच्या जाळीपाशी. गच्चीवर एका डाउनटेकच्या तोंडात रंगाची बादली ओता आणि मागोमाग नळीने दीडशे-दोनशे लिटर पाणी सोडा. नुसती बादली ओतली तर रंग मधल्या चेंबरच्या गाळातच अडकतो आणि पाइप निर्दोष असल्याचा निष्कर्ष निघतो. पंधरा-वीस मिनिटं वाट पाहा. रंग कुठे दिसला ते नोंदवा, लाइन स्वच्छ होऊ द्या, मग पुढचा पाइप. एका दिवसात सगळे पाइप उरकायची घाई केली की कुठला रंग कुठून आला हेच कळेनासं होतं.

चेंबर उघडताना झाकण आकड्याने सरकवा, दहा-पंधरा मिनिटं हवा खेळू द्या, तोंड आत घालून वाकू नका, काडी पेटवू नका. आत उतरायचं तर मुळीच नाही, चेंबर कमरेएवढं असलं तरी.

डाउनटेक ड्रेनेजला जोडलेला निघाला तर तो तोडण्याआधी एक गोष्ट तपासाच : ड्राय बाल्कनी. कित्येक इमारतींत वॉशिंग मशीनचं आणि भांडी घासायचं पाणी त्याच पावसाच्या पाइपात सोडलेलं असतं. असा पाइप उचलून पावसाळी गटाराला जोडला तर बारा महिने साबणाचं पाणी नाल्यात आणि तिथून मुठेत. ड्राय बाल्कनीच्या जोडण्या आधी वेगळ्या उभ्या पाइपात घ्याव्या लागतात. खर्च वाढतो, पण त्याला पर्याय नाही.

नवीन जोडणीत ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, शंभरात एक उतार, प्रत्येक वळणावर छोटं चेंबर. मुसळधार पाऊस धरायचा तर अशा एका उभ्या पाइपावर साधारण ४० चौरस मीटर गच्ची द्यावी. पाइप कमी असतील तर गच्चीवर पाणी तुंबेल आणि मग कोणीतरी जुनी जोडणी पुन्हा सुरू करेल. तोंडावर घुमटी जाळी हवी. सपाट जाळी एका पिंपळपानाने बंद होते. आणि जुनं ड्रेनेजकडचं तोंड एंड कॅप लावून वर काँक्रीट करून बंद करा. त्यात पोतं कोंबून ठेवण्याचा उपाय एक पावसाळाही टिकत नाही.

याबरोबरच आवारातल्या गली ट्रॅपची, म्हणजे सांडपाणी ड्रेनेजला जाण्याआधी ज्या छोट्या चौकोनी खड्ड्यात पडतं त्याची, तोंडं बघा. ती जमिनीपेक्षा ७५ ते १०० मिलिमीटर उंच हवीत. पेव्हर ब्लॉक बसवताना पार्किंगची पातळी चढते, ट्रॅपची कड मात्र तिथेच राहते, आणि अख्ख्या पार्किंगचं पाणी त्या चौकोनात उतरतं. विटांचे दोन थर आणि प्लास्टर, एवढंच काम आहे. आमच्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण ते एका दिवसात होतं आणि त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागत नाही.

प्रश्न : पावसाचं पाणी तर स्वच्छ असतं. ते ड्रेनेजमधून गेलं तर उलट लाइन धुऊन निघते, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. बरोबर आहे का?
— ठाणे

उत्तर : नाही. पहिल्या सरीत थोडा गाळ हलतो हे खरं, पण गच्चीची माती, वाळू आणि पानं त्याच पाण्याबरोबर आत येतात, आणि पाऊस ओसरल्यावर सपाट भागात बसतात. जुन्या कोलकात्यात मैला आणि पाऊस एकाच गटारातून नेण्याची पद्धत आहे. तिथे गटारंच तेवढी मोठी बांधली. आपल्याकडे मुंबई-ठाण्यापासून दोन वेगळ्या लाइन आहेत आणि मैल्याची लाइन लहान आहे. शिवाय हे पाणी लाइनमध्ये थांबत नाही. पंपिंग स्टेशनवर ते वीज खर्चून उचलावं लागतं, शुद्धीकरण केंद्रात त्याच्यावर हवा, वेळ आणि जागा खर्च होते, आणि क्षमतेपलीकडे गेलं की मैल्यासकट खाडीत सोडलं जातं.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी गच्चीचे सगळे पाइप वेगळे केले. तरीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस नसतानाही, रात्री तीन वाजता, शेवटच्या चेंबरमध्ये पाणी वाहताना दिसतं. त्या वेळी सगळे झोपलेले असतात. हे पाणी कुठलं?
— निवृत्त अभियंता, नाशिक

उत्तर : दोन शक्यता आहेत. एक, घरांतून गळणारं नळाचं पाणी. दोन, जमिनीतून लाइनमध्ये झिरपणारं पाणी. दोन्ही दिसायला नितळ, म्हणून नुसतं बघून ओळखता येत नाही. पण गच्चीवरच्या टाकीच्या वॉल्वने ओळखता येतं.

रात्री अडीचच्या सुमाराला टाकीतून खाली येणारे सगळे वॉल्व बंद करा आणि अर्धा तास थांबा. पाइपात राहिलेलं पाणी तेवढ्यात निघून जातं. आता चेंबरमध्ये जे वाहतंय ते नळाचं नाही, ते जमिनीतलं. मग वॉल्व उघडा. प्रवाह जितका वाढला तितकी घरांतली गळती. रहिवाशांना आदल्या दिवशी सूचना द्यायला विसरू नका, नाहीतर पहाटे तीनला तुमच्याच दारात सभा भरेल.

घरांतली गळती मोजायचीही सोय आहे. टाकी ३ मीटर बाय २ मीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे ६० लिटर. दुसऱ्या एखाद्या रात्री, वॉल्व उघडे ठेवून, दोन ते चारच्या दरम्यान पातळी मोजपट्टीने बघा. गळतीचा मुख्य गुन्हेगार बहुतेक वेळा फ्लश टँक असतो. नळ टपकला तर आवाज येतो, डाग पडतो; फ्लशचा रबर वॉशर झिजला तर पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून गुपचूप उतरत राहतं. टाकीत खायचा रंग घालायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला की वॉशर बदलायचा.

आता जमिनीतलं पाणी. तुमची इमारत जुनी असेल तर आवारातली लाइन चिनी मातीच्या पाइपांची असण्याची शक्यता मोठी. त्यांचे सांधे सिमेंट-वाळूचे असतात, आणि जमीन थोडी खचली की सांध्याला तडा जातो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भूजल वर आलं की पाणी बाहेरून आत येतं. उन्हाळ्यात तोच सांधा उलटा चालतो, मैला बाहेर जातो. जवळ उंबर, वड किंवा पिंपळ असेल तर मुळं नेमकी याच फटीतून शिरतात. विटांच्या चेंबरचाही वाटा असतो : पाइप भिंतीत शिरतो तिथली फट, उखडलेलं प्लास्टर, तळाचं फुटलेलं बेंचिंग (सिमेंटचा उतरता थर). केंद्र सरकारच्या मलनिःसारण नियमावलीत नव्या लाइनची आखणी करतानाच दर मॅनहोलमागे दिवसाला २५० ते ५०० लिटर झिरप गृहीत धरायला सांगितली आहे. म्हणजे थोडी झिरप अटळ मानली आहे. तुमच्याकडे ती हाताच्या बोटाएवढ्या सलग धारेत दिसत असेल तर मात्र दुरुस्ती करण्यासारखी आहे.

कुठला तुकडा गळतोय ते चेंबर-चेंबर करून शोधायचं. वॉल्व बंद असलेल्या त्याच अर्ध्या तासात वरच्या चेंबरपासून सुरुवात करा. एका चेंबरमध्ये धार बारीक आणि पुढच्यात जाड असेल तर दोष त्या दोघांच्या मधल्या पाइपात किंवा पुढच्या चेंबरच्या भिंतीत. भिंत ओली आणि पांढरट क्षार चढलेली असेल तर भिंतच. हे ठरल्यावरच कॅमेरा लावणाऱ्याला बोलवा. सगळी लाइन बघण्यापेक्षा एक तुकडा बघणं स्वस्त पडतं.

पाइप बदलायचा झाला तर रबर रिंगच्या सांध्याचा पीव्हीसी घ्या. नेहमीची चूक होते ती चेंबरच्या भिंतीपाशी. पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट धरत नाही, वर्षभरात कडेने केसाएवढी फट पडते आणि नव्या लाइनमध्ये पुन्हा पाणी. भिंतीत जाणाऱ्या भागावर सॉल्व्हंट सिमेंट लावून त्यावर कोरडी जाड वाळू पेरायची, वाळल्यावर मग पाइप बसवायचा. पाणी लागलं की फुगणारी रबरपट्टी आणि न आकसणारं ग्राउट वापरता आलं तर उत्तमच. चेंबरला आतून एकास तीनचं प्लास्टर आणि वर सिमेंटचा घोटा, आणि हे काम एप्रिल-मेमध्ये, भूजल खाली असताना. वाहत्या पाण्यात केलेलं प्लास्टर धरत नाही.

आणखी एक. पाइप वेगळे करताना पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचा, खड्डा कुठे काढलात ते बघा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन करावं लागतं, आणि जुन्या सोसायट्याही ते हौसेने करतात. पण हा खड्डा ड्रेनेजच्या चरीला लागून काढला तर गच्चीचं पाणी मुरमातून थेट त्या चरीत उतरतं आणि फुटक्या सांध्यांतून पुन्हा ड्रेनेजमध्येच येतं. निदान चार-पाच मीटर अंतर असावं. खाली कातळ लवकर लागत असेल तर खड्डा पहिल्या आठवड्यातच भरतो. त्याचा ओव्हरफ्लो पावसाळी गटाराला जातो ना, हेही पाहा.

प्रश्न : आमच्या गल्लीत पाणी साचलं की मुलं लगेच रस्त्यावरचं ड्रेनेजचं झाकण उचलतात. पाणी दहा मिनिटांत उतरतं. यात गैर काय?
— कुर्ला, मुंबई

उत्तर : पाणी उतरतं ते पुढच्या सखल गल्लीतल्या लोकांच्या घरात निघण्यासाठी. झाकणाला पकडीसाठी असलेलं एक इंचाचं भोकसुद्धा, वर पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल तर, तासाला सुमारे हजार लिटर पाणी आत घेतं. अख्खं तोंड उघडल्यावर काय होत असेल याची कल्पना करा. पाण्याबरोबर प्लास्टिक, थर्माकोल आणि रस्त्याची खडी जाते. त्यातली खडी पंपिंग स्टेशनपर्यंत पोचतही नाही, वाटेतच बसते आणि ऑक्टोबरमध्ये त्याच गल्लीत लाइन तुंबते.

आणि साचलेल्या पाण्याखाली उघडं तोंड दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याची मागणी झाली आणि महापालिकेने त्या बसवायला घेतल्या. तुमच्या गल्लीत जाळी नसेल तर वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा, फोटो आणि जवळच्या दुकानाची खूण देऊन. पाणी साचतं त्याचं कारण बरेचदा पावसाळी गटाराची जाळी बंद असणं हे असतं. पाऊस सुरू होण्याआधी तिच्यावरचा कचरा काढणं हे मुलांना सांगण्याजोगं काम आहे.

जाता जाता : तुंबलेल्या चेंबरमध्ये ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून कोणाला उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणूस खाली बसतो तो उठत नाही. सुरक्षासाधनांशिवाय गटार साफ करायला माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हे काम करून घेणारी सोसायटीही त्यात येते.

प्रश्न : बेसमेंट पार्किंगमध्ये भिंतीतून पाणी येतं. पंपाने ते जवळच्या ड्रेनेज चेंबरमध्ये सोडतो. चालेल का?
— वाकड, पुणे

उत्तर : चालणार नाही. एक हॉर्सपॉवरचा पंप सात-आठ मीटर उंचीला सेकंदाला तीन-चार लिटर फेकतो. चाळीस फ्लॅटच्या गर्दीच्या वेळच्या मैल्याच्या हे चार-पाच पट झालं, आणि पावसाळ्यात तो पंप दर थोड्या वेळाने सुरू होतो. डिस्चार्ज पाइप पावसाळी गटाराकडे फिरवा आणि त्यावर नॉन-रिटर्न वॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारा) टाका. मात्र त्याच खड्ड्यात गाड्या धुतलेलं पाणी येत असेल तर ते पावसाळी गटारात घालू नका. त्यात तेल आणि साबण आहे. गाड्या धुण्याची जागा ठरवून द्या, तिचं पाणी वेगळ्या खड्ड्यात गाळ आणि तेल अडवून ड्रेनेजला. झिरपीचं पाणी नितळ असेल तर ते बागेला किंवा फ्लशला वापरता येतं. आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तपासा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी उन्हाळ्यात छान असतं. पाऊस लागला की गढूळ येतं, वर तपकिरी कण तरंगतात. ऑपरेटर म्हणतो बॅक्टेरिया मेले, नवीन कल्चर घाला. घालावं का?
— खारघर, नवी मुंबई

उत्तर : पैसे जपून ठेवा. बॅक्टेरिया मेलेले नाहीत, ते वाहून चालले आहेत. ते तपकिरी कण म्हणजेच तुमचा जिवंत गाळ. सेटलिंग टाकीत पाणी ठरावीक संथ गतीने वर चढेल, एवढाच तिचा आकार असतो. पावसाचं पाणी शिरून प्रवाह दुप्पट झाला की गाळाला खाली बसायला वेळ मिळत नाही आणि तो काठावरून बाहेर पडतो. नवीन कल्चर घातलं तर तेही पुढच्या पावसात त्याच वाटेने जाईल.

किती बाहेरचं पाणी येतंय याचा अंदाज पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो त्या टीडीएसच्या पेनने काढता येतो. कोरड्या दिवशी एसटीपीत येणाऱ्या पाण्याचं रीडिंग घ्या, समजा ६०० आलं. गच्चीच्या पाण्याचं घ्या, समजा ३०. भर पावसात येणाऱ्या पाण्याचं ३१५ आलं तर त्यातलं निम्मं पाणी पावसाचं. एवढा साधा हिशोब सभेत मांडला की डाउनटेक वेगळे करायला मंजुरी मिळते. प्रयोगशाळेच्या अहवालातली बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) बघितली तरी तेच दिसेल. येणाऱ्या पाण्याची बीओडी २५० वरून १०० वर आली असेल आणि माणसं तेवढीच असतील, तर प्रवाह अडीच पट झाला आहे. एक सावधगिरी : जमिनीतून झिरपणारं पाणी या पेनने पकडता येत नाही, कारण बोअरच्या पाण्याचा टीडीएसही मैलापाण्याच्या आसपास असू शकतो. त्यासाठी वर नाशिकच्या वाचकांना सांगितलेली वॉल्वची चाचणी करा.

तोवर ऑपरेटरला सांगा : इक्वलायझेशन टाकी (येणारं सांडपाणी आधी साठतं ती) पावसाआधी खाली उतरवून ठेवायची, आणि पुढे पाठवणारा पंप ठरलेल्या गतीनेच चालवायचा. टाकी भरत आली म्हणून दोन्ही पंप एकदम लावले की गाळ गेलाच. रोज एक लिटरच्या नळकांड्यात एअरेशन टाकीचं (जिथे पाण्यात हवा सोडतात तिचं) पाणी घेऊन अर्ध्या तासाने बसलेल्या गाळाची पातळी वहीत लिहायला लावा. पाऊस पडल्यावर ती रोज उतरत असेल तर त्या दिवसांत गाळ बाहेर काढणं बंद ठेवा.

प्रश्न : तळमजल्याला उलटं पाणी येऊ नये म्हणून बाजारात झडपेचा नॉन-रिटर्न वॉल्व मिळतो. तो मुख्य लाइनवर बसवला तर प्रश्न सुटेल?
— सांगली

उत्तर : मुख्य लाइनवर बसवला तर वाढेल. रस्त्याची लाइन भरली की झडप बंद होते, म्हणजे तुमच्या वरच्या मजल्यांचं पाणीही आतच अडकतं, आणि ते तळमजल्यातच येतं. फरक इतकाच की आता ते शेजाऱ्यांचं नसून तुमच्याच इमारतीचं असतं. वॉल्व फक्त तळमजल्याच्या वेगळ्या शाखेवर हवा. वरच्या मजल्यांचा उभा पाइप त्याच्या पुढे मिळाला पाहिजे. तळमजल्याची शाखा वेगळी नसेल तर आधी ती वेगळी करा. वॉल्व आडव्या पाइपावर, बिजागरी वरच्या बाजूला, हात पोचेल अशा चेंबरमध्ये. मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यात उघडून साफ करायचा. झडपेत कापडाची एक चिंधी अडकली की तो असून नसल्यासारखा. आणि झडप बंद असताना तळमजल्यावर आंघोळ किंवा फ्लश करायचा नाही, कारण ते पाणी जाणार कुठे?

प्रश्न : आमच्या गावात ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे. दर जुलैत तो भरून वाहतो. गाडी बोलावून उपसला तर आठ दिवसांत पुन्हा तेच.
— डिचोली, गोवा

उत्तर : जुलैत उपसणं म्हणजे गाडीवाल्याला भूजल विकत देणं. तुमच्याकडे त्या दिवसांत पाणी जमिनीच्या अगदी वर आलेलं असतं. शोषखड्डा आधीच भरलेला, त्यामुळे टाकीतलं पाणी बाहेर जात नाही. उलट खड्ड्यातलं पाणी पाइपातून टाकीत येतं. टाकीच्या भिंतीला तडा असेल तर तिथूनही.

खात्री करायची तर रात्री सगळ्यांच्या वापरानंतर टाकीतली पातळी काठीवर खूण करून घ्या आणि पहाटे कोणी उठायच्या आत पुन्हा बघा. वापर नसताना पातळी चढली तर पाणी बाहेरून येतं आहे.

छपराच्या पन्हळीचं पाणी टाकी आणि शोषखड्ड्यापासून लांब, उताराच्या बाजूला न्या. टाकीची झाकणं अंगणापेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच करून कडा बंद करा. उपसा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दोन-तीन वर्षांतून एकदा. त्याच वेळी टाकी आतून बघून तडे बुजवा. शोषखड्ड्याच्या तळाखाली दीड-दोन मीटर कोरडी जमीन पावसाळ्यातही मिळत नसेल तर खोल खड्ड्याचा उपयोग नाही, मातीचा भराव टाकून जमिनीच्या वर उंचवट्यात शोषण करावं लागतं. पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटरचं अंतर त्यालाही लागू. टाकी प्लास्टिकची किंवा फायबरची असेल तर भर पावसात पूर्ण रिकामी कधीच करू नका : भूजल तिला खालून उचलतं, पाइप तुटतात, आणि टाकी अंगणात वर येते.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत पिट्सबर्गच्या उपनगरात घर विकतो आहोत. विक्रीआधी ‘डाय टेस्ट’चा दाखला मागितला आहे. हे काय असतं?
— पेन्सिल्व्हेनिया

उत्तर : कोथरूडच्या वाचकांना वर सांगितलेली रंगाचीच चाचणी, फक्त तिथे ती विक्रीला बांधलेली आहे. पिट्सबर्गच्या ॲलेगेनी काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) अनेक नगरपालिकांनी घर विकण्याआधी हा दाखला सक्तीचा केला आहे. छपराच्या पन्हळींत, ड्राइव्हवेच्या आणि अंगणाच्या जाळ्यांत रंगीत पाणी ओततात आणि ते मैल्याच्या लाइनमध्ये दिसतं का ते बघतात. दिसलं तर विकणाऱ्याने जोडणी तोडून द्यायची. म्हणून चाचणी घर बाजारात आणण्याआधीच करून घ्या; बर्फ आणि गोठलेली जमीन असताना खोदकाम महाग पडतं. बेसमेंटचा संप पंप (खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा) कपडे धुण्याच्या सिंकमध्ये सोडलेला असेल तर तोही आत्ताच बाहेर काढा.

प्रश्न : एसीचं टपकणारं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी ड्रेनेजमध्ये सोडतो. तेही ‘चांगलं पाणी’च ना? बंद करावं का?
— डोंबिवली

उत्तर : वापरता आलं तर वापरा, आरओच्या पाण्याने फरशी पुसता येते. पण ड्रेनेजच्या दृष्टीने ते दिवसाला बादली-दोन बादल्या आहे, त्याच्या मागे लागू नका. त्याऐवजी गच्चीवर जाऊन टाकीचा ओव्हरफ्लो बघा. पंप सेकंदाला दीड लिटर उचलत असेल आणि वॉचमन रोज वीस मिनिटं उशिरा बंद करत असेल, तर १,८०० लिटर पाणी गच्चीवरून डाउनटेकमध्ये जातं, आणि तो डाउनटेक ड्रेनेजला जोडलेला असेल तर तुमच्याकडे भर मे महिन्यातही रोज पाऊस पडतो आहे. टाकीत फ्लोट स्विच बसवून घ्या.